मोकळा ताबा

मला खोली दाखवायच्या आधी कुंदाकाकीने तिच्या कोर्टातल्या दाव्याची हकीकत सांगितली.

डिसेंबरचे दिवस होते. मालवणला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला येऊन मला काही महिने झाले होते, आणि नाताळच्या तोंडावर माझ्या घरमालकांनी मला खोली रिकामी करायला सांगितलं होतं. हंगाम सुरू झाला होता. पर्यटक आठवड्याला जे देतात ते माझ्यासारखी मास्तरीण महिन्यालाही देऊ शकत नाही, हे मलाही कळत होतं. "जानेवारीनंतर या की परत, खोली तुमचीच आहे," असं ते वर हसून म्हणाले. कागद काही केलेला नव्हता, त्यामुळे भांडायला आधारही नव्हता. कॉलेज सुटलं की मी खोली शोधत फिरायची आणि दारोदार एकच उत्तर ऐकायची: मे संपू दे, मग बघू. अशात कोणीतरी बंदराच्या रस्त्यावरचं चिंदरकरांचं घर सुचवलं. वर म्हणाले, "पण बाई कडक आहे हां."

घर लांबट, कौलारू. रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या, त्यांना शटर, वर 'सदा टेलर' अशी पाटी. मधल्या भागात काकी आणि तिची मुलगी मंगल. अगदी मागे, विहिरीकडे तोंड करून वेगळ्या दाराची एक खोली. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू यायचा.

काकी पडवीत सुपाऱ्या वाळत घातलेलं सूप बाजूला सारून उठली. सत्तरीच्या आसपासची, उंच, वाळक्या अंगाची. तिने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभी राहूनच बोलायला लागली.

"आधी आयक गो बाये, मगे खोली बघ. ह्या घरावर दावो चालू आसा. फुडल्या दोन खोल्यांत सदा टेलर रवता, तेच्यावर मी दावो घातलंय. माका त्यो खोलये परत होये आसत म्हणान. उद्या तुका कोणी सांगतलो, ती बाई भाडेकरूंका कोर्टात खेचता. खरा आसा ता. खेचता. ह्या सगळा आयकान तुका येवचा आसात तर ये."

इतकं सरळ सांगणारं माणूस मला त्या पंधरवड्यात दुसरं भेटलं नव्हतं. मी खोली न बघताच हो म्हणाले. त्यावर ती रागावली. "न बघता कोण हो म्हणता?" म्हणून तिने मला खोलीत नेलं, गळका कोपरा दाखवला, खिडकीची न बसणारी कडी दाखवली आणि पावसात भिंतीला कुठवर ओल चढते ते बोटाने रेघ ओढून दाखवलं.

आमचा करार रीतसर नोंदवला गेला. सही करण्याआधी तिने तो मोठ्याने वाचला. एकदा स्वतःसाठी आणि एकदा मला ऐकवण्यासाठी. नोंदणीच्या कचेरीतला माणूस जांभया देत होता. घरी आल्यावर तिने माझ्या हातात कुलपाच्या दोन्ही चाव्या ठेवल्या.

"एक तुमच्याकडे राहू दे ना काकी," मी म्हणाले.

"कित्याक? घर माझा, खोली तुझी."

हे वाक्य मी पुढे तिच्या तोंडून अनेकदा ऐकलं. त्याचा तिने धरलेला अर्थ फार कडक होता. माझ्या खोलीच्या उंबऱ्याला तिचा पाय कधी लागला नाही. काही काम असलं की ती बाहेर उभी राहून हाक मारायची, "आसस गो आत?" आणि मी "या" म्हटल्याशिवाय जागची हलायची नाही. एकदा पाऊस येतोय म्हणून माझे दोरीवरचे कपडे काढून तिने ओच्यात धरले आणि मी कॉलेजातून येईपर्यंत पडवीत बसून राहिली. दार नुसतं लोटलेलं होतं.

सदा टेलर तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा भाडेकरू. धामापूरहून तरुणपणी शिवणकाम करायला मालवणात आला, तेव्हा अण्णा चिंदरकरांनी त्याला पुढच्या खोल्या दिल्या. त्याचं लग्न त्याच घरात ठरलं, त्याची बायको सरिता पहिल्यांदा उतरली ती त्याच पडवीत. शाळांचे गणवेश हे त्याचं मुख्य काम. अण्णा गेल्यावर घराला तीन नावं लागली: काकी, ठाण्याला असलेला मुलगा राजन आणि मंगल. मग मंगलचं लग्न मोडलं आणि ती घरी परत आली. तिला डोळे तपासून चष्मे करायचं काम येत होतं. बाजारात भाड्याच्या एवढ्याशा गाळ्यात ती ते करायची, आणि तो गाळाही मालक कधी मागेल याचा नेम नव्हता. आपल्या मुलीने दुसऱ्याच्या दारात बसावं आणि आपल्या घराचं रस्त्यावरचं तोंड दुसऱ्याकडे असावं, हे काकीला पटेना. तिने सदाला सांगितलं. सदा म्हणाला, वैनी, ह्या वयात मी गिऱ्हाईक घेवन खंय जाव? दोघांचंही खरं होतं. काकी वकिलाकडे गेली.

दावा लागला त्या दिवसापासून ती सदाशी बोलत नव्हती. "कोर्टात बोलतंय ता पुरे," म्हणायची. पण घर एक, विहीर एक, मीटरही एकाच भिंतीवर. बोलल्याशिवाय चालणार कसं? त्यावर तिने एक रीत काढली होती. ती विहिरीपाशी उभी राहायची आणि रहाटाकडे बघून मोठ्याने बोलायची. "उद्या टाकी धुवची आसा. सकाळी पाणी भरून ठेवचा." पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबायचं. थांबलं म्हणजे सदाने ऐकलं. मशीन पुन्हा सुरू झालं की काकी आत जायची. सुरुवातीला मला हसू यायचं. पण मशीन थांबल्यानंतरची ती शांतता ऐकली की हसू मावळायचं. ती शांतता चांगली नव्हती.

माझ्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मोठं वादळ झालं. सकाळी उठून बघते तर पुढच्या खोल्यांवरची निम्मी कौलं उडालेली, एक वासा मोडून खाली लोंबकळत होता. सदा आणि सरिता कापडाचे गठ्ठे पलंगावर रचून त्यावर प्लास्टिक अंथरत होते. काकीने वकिलांना फोन लावला. कानाला लावलेल्या फोनवरचं तिला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"काकी, काही करू नका," वकील म्हणाले. "छप्पर तसंच राहू द्या. पावसाळा तोंडावर आहे. जागा राहण्यालायक नाही असं झालं की आपलं काम सोपं होईल. तोच कंटाळून जाईल."

काकीने फोन बंद केला. मग राजनचा फोन आला. त्याचंही तेच म्हणणं होतं, फक्त आवाज जास्त चढलेला. "आये, अजिबात खर्च करू नको. पडांदे ता."

तिने फोन ठेवला आणि बराच वेळ अंगणात उभी राहून त्या मोडक्या वाशाकडे बघत राहिली. दुपारी ती कौलं शाकारणाऱ्या माणसाला घेऊन आली. सगळ्या मालवणात कौलं उडाली होती, माणूस मिळत नव्हता, मिळाला तर दुप्पट मागत होता. तिने कुठून, कसा आणला कोण जाणे. छप्पर चढेपर्यंत ती उन्हात उभी होती. काम संपलं तेव्हा विहिरीपाशी जाऊन रहाटाला म्हणाली, "उद्या कोर्टात म्हणशात, कुंदान घर आंगार पाडल्यान. म्हणान केलंय. दुसरा काय नाय."

मशीन थांबलं. आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुरूच झालं नाही.

त्यानंतर गावात पार्ट्या यायला लागल्या. जमिनीच्या व्यवहारात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. समुद्राच्या जवळची घरं, वाड्या, पडीक जागा, काहीही चालायचं. एजंट मोटरसायकलवरून फिरायचे, रस्त्यावर उभे राहून मोबाईलवर घरांचे फोटो काढायचे. आमच्याही घरासमोर एक जण येऊन उभा राहायचा. पांढरा शर्ट, काळा चष्मा, हसरा. एकदा त्याने फाटकाच्या आत येऊन पावलांनी अंगण मोजायला सुरुवात केली. काकी झाडू घेऊन बाहेर आली आणि तो चालला होता तिथेच, त्याच्या पावलांपुढे, शांतपणे झाडायला लागली. धूळ उडाली, तो मागे सरला.

पण त्याला राजनने पाठवलं होतं, हे नंतर कळलं.

राजन वाईट माणूस नव्हता. आला की माझी चौकशी करायचा, मंगलसाठी काही ना काही आणायचा, विहिरीत गाळ साठला तर स्वतः उतरायचा. पण ठाण्याच्या घराचं कर्ज, मुलांची शिक्षणं, नोकरीतली अनिश्चितता यांनी तो पिळून निघाला होता. मुंबईच्या एका पार्टीला त्याने आपला हिस्सा द्यायचं साठेखत करून टाकलं होतं, आणि आई-बहिणीलाही राजी करतो असं सांगून बसला होता. पार्टीला तिथे लॉज बांधायचा होता. अट एकच: घर रिकामं करून द्यायचं. मोकळा ताबा.

ते बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण कौलारू घरात भिंती वरपर्यंत जात नाहीत.

"आये, तुझो दावो तुझ्या जल्मात संपूचो नाय."

"नाय संपलो तर मंगल चालवतली."

"आणि माझा काय? माझो हिस्सो नुसतो कागदार बघीत बसू?"

"तुझो हिस्सो तुझोच आसा. कोण घेता? पण माझी सही मी दिवचंय नाय, आणि सदाक मी असो काडूचंय नाय."

"तूच काडतंस ना तेका! कोर्टात कोण गेला, मी?"

"कोर्टान सांगल्यान तर काडतलंय. मी सांगान नाय, तू सांगान नाय."

मग ताट सरकवल्याचा आवाज आला. राजन त्याच दुपारी ठाण्याला निघून गेला. जाताना त्याने फाटक लावलं नाही.

पुढचे काही आठवडे घरात विचित्र ताण होता. काकी रस्त्यावर गाडी थांबली की बाहेर येऊन बघायची. मंगलला लवकर घरी यायला सांगायची. सदाचा पुढचा दिवा उशिरापर्यंत जळत असायचा, पण मशीनचा आवाज नसायचा. कोर्टाची तारीख जवळ आली होती, आणि तारखेच्या आधी काहीतरी होणार असं सगळ्यांनाच वाटत होतं.

ते झालं एका दुपारी. सदा कापड आणायला कणकवलीला गेला होता. मंगल तिच्या गाळ्यात, काकी बाजारात. मी पेपर तपासत घरी होते. अचानक पुढून सरिताची किंकाळी आली. मी धावत गेले. फाटकाबाहेर एक जीप उभी होती. दोन माणसं सदाची शिलाई मशिनं उचलून रस्त्याच्या कडेला ठेवत होती. तिसऱ्याने पुढच्या खोल्यांत जाणारी वायर मीटरपाशी तोडली होती. तो हसरा एजंट फोनवर बोलत होता. आणि फाटकाला टेकून, खाली मान घालून, राजन उभा होता.

मी काकीला फोन केला. ती रिक्षातून आली तेव्हा हातात बांगड्यांची, म्हणजे बांगड्या माशांची, पिशवी होती. ती ओरडली नाही. रस्त्यावर ठेवलेल्या मशिनांकडे तिने एकदा बघितलं. राजनकडे बघितलं नाही. माणसांच्या मधून वाट काढत ती दुकानाच्या दाराशी गेली आणि तिथे थांबली. आत सरिता भिंतीला पाठ लावून उभी होती.

"सरिता," काकी म्हणाली, "आत येव?"

इतक्या सगळ्या गोंधळात, बाहेर माणसं सामान उपसत असताना, ती उंबऱ्याबाहेर उभी राहून परवानगी मागत होती. सरिताला आधी कळलंच नाही. मग तिने मान हलवली. काकी आत गेली, माशांची पिशवी खाली ठेवली आणि सदा ज्या फळीवर कापड बेततो त्या फळीवर चढून बसली.

"आता लावा कुलूप," ती म्हणाली.

एजंट पुढे झाला. "आजी, तुमच्याच फायद्याचं चाललंय हे. घर तुमचं आहे ना?"

"घर माझा आसा म्हणानच सांगतंय. खोली हेंची आसा."

"आये, भायर ये," राजन पहिल्यांदाच बोलला. "लोक बघतत. तू खंयच्या बाजूची आसस?"

"माझी बाजू कोर्टात आसा. हयसर नाय."

एजंटाने त्या दोन माणसांना खूण केली. मला वाटलं ते तिला उचलतील. त्यांनी शटर खाली ओढलं. खडखडत ते जमिनीला टेकलं आणि त्यातल्या एकाने त्याला कुलूप घातलं. बहुतेक त्यांना वाटलं असावं, अंधारात कोंडलं की म्हातारी घाबरेल, हाका मारेल. आतून काहीच आवाज आला नाही. सरिताच्या हुंदक्याचाही नाही. रस्त्यावर आता बरीच माणसं जमली होती, आणि कोणी पुढे होत नव्हतं. घर राजनचंही होतं, आत त्याचीच आई होती, अशा भांडणात कोणी कसं पडायचं, असा प्रत्येकाचा चेहरा. मी शटरजवळ जाऊन "काकी" म्हणून हाक मारली.

राजन त्या कुलपाकडे बघत होता.

"चावी द्या," तो म्हणाला.

"साहेब, जरा थांबा. पाच मिनिटांत आजी स्वतःच..." एजंट म्हणाला.

"चावी दे म्हणतंय मरे!" राजनने कुलूप घालणाऱ्या माणसाकडून चावी हिसकावली. राजनच्या हातातून ती एकदा खाली पडली. दुसऱ्या खेपेला कुलूप निघालं, त्याने एकट्याने शटर वर ढकललं. काकी होती तशीच फळीवर बसली होती. शेजारी सरिता, तिचा हात काकीच्या हातात. काकी खाली उतरली, साडी नीट केली, मुलाच्या शेजारून गेली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "पोलिस स्टेशनाक चल." सरिता तिच्याबरोबर बसली. मीही बसले.

पोलिस ठाण्यातला अधिकारी तरुण होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकी, हे घरगुती आहे. मुलाचं नाव खरंच घालायचं?"

काकी कचेरीत शिरली की शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करायची. "साहेब, कुलूप त्याच्या समोर लावलं. वायर त्याच्या समोर तोडली. त्याचं नाव पहिलं घाला."

अधिकाऱ्याने लिहायला सुरुवात केली. थोडं लिहून झाल्यावर तिने त्याला थांबवलं. "आणि कुलूप त्यानेच काढलं. कोणी सांगितलं नाही, आपणहून काढलं. ते पण लिहा."

त्याने वर बघितलं. "ते लिहायची गरज नाही."

"गरज आसा," काकी म्हणाली. तिथे तिची मालवणी परत आली होती. "अर्धा खरा लिवलात तर माझी सही गावूची नाय."

ते लिहिलं गेलं. तिने सगळं मोठ्याने वाचलं, एकदाच, आणि सही केली.

संध्याकाळपर्यंत तिने वायरमन आणून वीज जोडून घेतली. सदा परत आला तेव्हा मशिनं आत गेली होती. सरिताने त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो मागच्या दारी आला. ठेंगणा, केस पांढरे झालेला, गळ्यात मोजायची टेप तशीच. काकी विहिरीवर बांगडे साफ करत होती.

"वैनी..." तो म्हणाला आणि गळ्यातली टेप हाताभोवती गुंडाळायला लागला.

तिने मान वर केली नाही. "काय बोलू नको सदा. तारीख आसा फुडल्या हप्त्यात. थंय बोल."

त्या तक्रारीने तिचाच दावा धोक्यात आला. वकील घरी येऊन गेले, पडवीत उभ्या उभ्याच बोलले. "काकी, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. आता सदा म्हणणार, मुलीची गरज वगैरे बहाणा आहे, यांना घर विकायचं आहे. तक्रार मागे घ्या." काकी म्हणाली, घडलं ते घडलं. वकील म्हणाले, मग मला विचारू नका. तरी तारखेला ते आले.

मंगलला सोबत म्हणून मी कोर्टात गेले होते. काकी साक्षीला उभी राहिली तेव्हा सदाच्या वकिलांनी वेळ दवडला नाही.

"तुमच्या मुलाने माणसं आणून माझ्या अशिलाच्या दुकानाला कुलूप लावलं. खरं की खोटं?"

तिचे वकील समोरच्या कागदांत बघत राहिले. मंगलने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

"खरं," काकी म्हणाली.

"म्हणजे मुलीला दुकान पाहिजे ही नुसती सबब आहे. तुम्हाला घर विकायचं आहे."

"मुलाला विकायचं आहे. मला नाही. माझ्या मुलीला दुकान पाहिजे." मग जरा थांबून, "दोन्ही खरं आहे साहेब. एकामुळे दुसरं खोटं होत नाही."

न्यायाधीश बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि काही लिहून घेतलं.

पुढच्या तारखेला सदा उभा राहिला. आता काकीच्या वकिलांनी विचारलं, मंगल यांना दुकानासाठी जागेची गरज आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना? सदाला काय सांगायचं ते पढवून ठेवलेलं असणार, कारण त्याचे वकील आधीच मान हलवत होते. सदाने एकदा मंगलकडे बघितलं.

"आहे," तो म्हणाला. "तिला गरज आहे. लहानपणापासून बघितलंय तिला मी. पण मलासुद्धा गरज आहे."

त्याच्या वकिलांनी हातातली फाईल टेबलावर आपटली.

निकाल लागायला त्यानंतरही खूप काळ गेला. लागला तो असा: दोन खोल्यांपैकी एक मंगलसाठी सोडायची, दुसरीत सदाने राहायचं. दोघांच्याही वकिलांनी वरच्या कोर्टात जायचा सल्ला दिला. काकी म्हणाली, पुरे. सदाही म्हणाला, पुरे. त्याने स्वतःच एका खोलीतलं सामान दुसऱ्या खोलीत नेलं. दुकान आणि बिऱ्हाड एका खोलीत मावेना, म्हणून सरिता धामापूरला सासरच्या घरी राहायला गेली आणि सदा रविवारी तिकडे जायला लागला. हे काकीला बोचत होतं. ती मला एकदा म्हणाली, "जिकलंय म्हणतत लोक. माका काय तसा वाटणा नाय." पण खोली तिने सोडली नाही. मधली भिंत बांधली जात असताना ती गवंड्याजवळ उभी होती आणि भिंत आपल्या बाजूला बोटभरही सरकू देत नव्हती. पलीकडून सदाही तसाच उभा होता.

मंगलचं दुकान सुरू झालं. सदा टेलरने नवा चष्मा केला तो मात्र बाजारातल्याच दुसऱ्या दुकानातून.

राजनचं काय झालं? त्याला आणि एजंटाला पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून द्यावं लागलं. पार्टीने त्याला वकिलाची नोटीस पाठवली. ते त्याने कसं निस्तरलं, मला माहीत नाही. तो घरी आला नाही, फोनही केला नाही. त्या वर्षी चतुर्थीलाही आला नाही. कोकणातला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, चतुर्थीला घरी येतो. मूर्ती आणायला शेजारचा एक जण गेला. काकीने नैवेद्य केला, आरती म्हटली, सगळं रीतीप्रमाणे केलं. पण रस्त्यावर रिक्षा थांबली की ती बोलता बोलता गप्प व्हायची. रिक्षा पुढे गेली की वाक्य होतं तिथून पुरं करायची. विसर्जनापर्यंत असंच चाललं.

मी एकदा धीर करून विचारलं, "काकी, तुम्ही फोन करा ना त्याला."

"करूचो तर आसा," ती म्हणाली. "पण माफी मागूक केलंय असा तेका वाटात. मी चुकलंय नाय गो. आणि तो चुकलो म्हणान सांगूक फोन करू काय? मगे काय बोलू?"

ती उठली आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली.

मला जामसंड्याला चांगली नोकरी मिळाली आणि मी मालवण सोडलं. आधी फोन व्हायचे, मग सणावारी, मग मंगलकडून खुशाली कळायची. राजनबद्दल मी विचारत नसे, तीही सांगत नसे.

गेल्या वर्षी थंडीत माझी आई आली होती, तिला घेऊन मी कुणकेश्वरला गेले. दर्शन झालं, आई देवळाच्या आवारात सावलीला बसली. मी कठड्यापाशी उभी राहून खाली किनाऱ्याकडे बघत होते. ओहोटी होती, फारशी गर्दी नव्हती. पाण्यात घोट्याइतकी उभी असलेली एक उंच बाई दिसली. पाठमोरी होती, तरी मी ओळखलं. साडी एका हाताने वर धरलेली, दुसरा हात हवेत नाचत होता. ती जोरजोरात काहीतरी बोलत होती, बहुतेक कोणाला तरी फैलावर घेत होती. वाऱ्याने शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते.

शेजारी राजन होता. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. एका हातात स्वतःचे बूट आणि दुसऱ्या हातात तिच्या चपला. तो काही बोलत नव्हता, मान खाली घालून ऐकत होता. मधेच एक लाट जरा मोठी आली आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेली. काकी डगमगली. बोलणं न थांबवता तिने त्याचा दंड धरला, आणि लाट गेल्यावरही सोडला नाही.

मी हाक मारली नाही. आई निघायचं म्हणत होती.